रेती खाली कर

पैनगंगेच्या काठानं दिवसभर सायकलवर हिंडायचं, हे आम्ही तिघींनी उन्हाळ्यातच ठरवलं होतं. जमलं मात्र दिवाळीनंतरच्या एका रविवारी. मी तेलंगणाच्या सरहद्दीवरच्या गावात मराठी शाळेत शिकवते. दुसरी माझ्याच शाळेत तेलुगू शिकवते. तिसरी मंडल कचेरीत, म्हणजे इथल्या तहसिलीत, कारकून आहे, माझी बालपणापासूनची मैत्रीण. तिघीही चाळिशी ओलांडलेल्या, आणि तिघींच्याही घरी 'या वयात सायकल?' हे ऐकून झालेलं.

सकाळ फार छान गेली. एका बाजूला वेचणीला आलेला कापूस, दुसऱ्या बाजूला नदी, मधून जेमतेम बैलगाडी जाईल एवढी वाट. घाई कुणालाच नव्हती. वाटलं की थांबायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं. दुपारी करंजाच्या सावलीत भाकरी, ठेचा आणि तेलुगूच्या बाईंनी आणलेला चिंचेचा भात खाल्ला. त्या इतक्या हसत होत्या की त्यांना ठसका लागला.

परतताना बाई सगळ्यात मागे होत्या. नदीच्या उतारावरून रेतीनं भरलेला ट्रॅक्टर वर आला आणि आमच्या मागून सुसाट सुटला. हॉर्न नाही, काही नाही. ट्रॉलीची कड त्यांच्या हँडलला लागली. त्या दगडांवर फेकल्या गेल्या आणि सायकल ट्रॉलीच्या चाकाखाली अडकली. ती अडकली म्हणूनच तो थांबला, नाही तर थांबला नसता.

मी धावले. त्यांचं मनगट भलतीकडेच वळलं होतं. ओठ पांढरे पडले होते, पण तोंडातून आवाज नव्हता.

ड्रायव्हर खाली उतरला. आधी त्यानं टायर पाहिला, मग आम्हाला म्हणाला, "बायामानसायनं इकडं यावाच कायले?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. कारकून मैत्रिणीनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "याचा मालक कोन हाये, मले ठाऊक हाये. जाऊ दे. कचेरीत रोज येनं-जानं हाये त्याचं."

"पयले बाईंचा हात पाह्य," मी ओरडले, "आन् मंग म्हन जाऊ दे!"

ती खाली मान घालून उभी राहिली. त्या क्षणी मला ड्रायव्हरपेक्षा तिचा जास्त राग आला होता.

अँब्युलन्सला फोन लावला. ती डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती, आणि तो रस्ता बराच लांब होता. चालवत नेण्यासारखी बाईंची अवस्था नव्हती. मी ड्रायव्हरला म्हटलं, "रेती खाली कर. ट्रॉलीत यायले दवाखान्यात नेऊ."

"मालक जीव घेईन माहा."

"मंग बलाव मालकाले."

मी माझी सायकल ट्रॅक्टरसमोर आडवी टाकली आणि तिथंच मातीत बसले. मागून आणखी एक भरलेला ट्रॅक्टर आला आणि हॉर्न वाजवत राहिला. आता बरा हॉर्न सापडला होता!

मालक मोटारसायकलवर आला. बाईंकडे त्यानं पाहिलंच नाही. "मॅडम, पिकनिक करनी है तो गार्डन में जाओ ना," तो मला म्हणाला. मग त्याला माझी मैत्रीण दिसली. सूर बदलून तो मराठीत बोलला, "अरे, तुमी तं कचेरीतल्या! समजावा ना यायले जरा."

मला वाटलं, ही आता मला हाताला धरून उठवणार. ती ट्रॉलीच्या मागे गेली, वाकून पाहून आली. "ट्रॉलीले नंबर नाई," ती म्हणाली. "आन् आज रविवार हाये, रेतीचा परवाना नसते आज. उद्या साह्यबाले मी काय समजावू, तेवढं सांगा."

मालकानं ड्रायव्हरला मानेनं खूण केली. ट्रॉली कलली, ओली रेती धसाधस वाटेवर ओतली गेली. आम्ही बाईंना उचलून आत ठेवलं. प्रत्येक धक्क्याला त्या माझी साडी दातांत धरत होत्या आणि मी ड्रायव्हरला "हळू! हळू!" म्हणून शिव्या घालत होते.

मनगट दोन जागी मोडलं होतं. प्लास्टर झालं, हाड जुळलं, पण अजूनही फळ्यावर लिहिताना त्यांचं अक्षर उतरत जातं. मैत्रिणीनं सोमवारी खरंच साहेबांना सांगितलं. त्यानंतर महिन्याभरात तिचं टेबल बदललं, ट्रॅक्टर मात्र बदलले नाहीत.

आणि लोक आम्हालाच विचारत राहिले. बाईंचे यजमान, शेजारणी, दुकानदार, सगळ्यांचा एकच प्रश्न, "नदीवर कशाला गेला होता?" शाळेत मुख्याध्यापकांनी तोच प्रश्न हसत हसत विचारला, तेव्हा मी इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या वर्गातली पाढ्यांची घोकंपट्टी थांबली.

"सर," मी म्हटलं, "आमी सायकल चालवाले गेलतो. ते ट्रॅक्टरवाले कायले गेलते, हे इचारलं का कोनी त्यायले?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मी खडू उचलला आणि वर्गावर गेले. तारीख लिहिताना खडू दोनदा मोडला.