तात्यांच्या टीव्हीला हेडफोन

आईशप्पथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे, एक जागा सोडून. फार तर दोन!

आमच्या परळच्या चाळीत किस्से माळ्यावरच्या खोक्यांसारखे साठतात. फेकायचं धाडस कोणी करत नाही, आणि आत काय होतं ते कोणालाच धड आठवत नाही. मग मी सांगतो.

*

माझा मित्र दिल्या. त्याचे वडील तात्या. मिलमध्ये साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कान अर्धे गेले, त्यामुळे घरात टीव्ही फुल्ल! मध्ये लाकडी पार्टिशन, पलीकडे शुभावहिनींची सायली सीएच्या परीक्षेला बसलेली.

एका संध्याकाळी वहिनी दारात. "दिलीपभावजी, पोरगी नापास झाली ना, तर तुमच्या टीव्हीला हळदकुंकू लावून गॅलरीतून विसर्जन करीन!"

दिल्याने शब्द दिला, "वहिनी, उद्यापासून शांतता."

*

मग आम्ही दोघं मोबाईलवर हेडफोन बघायला बसलो. गळ्यातले, कानातले, कानावरचे. एकाला कोणीतरी पाच स्टार दिलेले, "डबा सुंदर आहे." त्यालाच दुसऱ्याने एक स्टार, "कुरियरवाला उद्धट."

"याची बॅटरी चाळीस तास चालते," मी म्हटलं.

"अरे, तात्या तरी सलग चाळीस तास चालतात का?"

दोन तासांनी आम्हाला हेडफोनमधलं सगळं कळलं होतं. घ्यायचा कुठला, एवढंच कळत नव्हतं.

*

शेवटी तात्यांनाच घेऊन दादरचं दुकान गाठलं. सेल्समन म्हणाला, "नॉइज कॅन्सलेशनवाला घ्या. बाहेरचा आवाज एकदम बंद!"

"भावा, आमचा प्रॉब्लेम आतल्या आवाजाचा आहे," दिल्या म्हणाला. "बाहेरचे लोक कंप्लेंट करतायत!"

सेल्समन गोंधळला. त्याला समजावताना आम्हीही गोंधळलो. तेवढ्यात त्याने तो हेडफोन तात्यांच्या कानावर चढवून बटण दाबलं. दुकानातला पंखा, एसी, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं गप्प.

तात्या दचकले. इकडेतिकडे बघत मालवणीत ओरडले, "दिल्या, संप झालो काय रे?"

तोच घेतला.

*

घरी आणून आधी माझ्या फोनला जोडून चेक केला. तो तसाच जोडलेला राहिला. बायकोला मी 'बँकेत रांगेत आहे' असं सांगून आलो होतो. तिचा फोन आला. मी "हॅलो, हॅलो" करतोय, ऐकू काहीच येत नाही.

कॉटवर हेडफोन घालून बसलेले तात्या एकदम गरजले, "सूनबाय, खयची बँक? तो हयच आसा, माझ्या खाटीवर!"

*

दुसऱ्या दिवशी आठची सिरियल लागली. हेडफोन तात्यांच्या कानावर, टीव्ही मुका. मजल्यावर शांतता.

पाच मिनिटांत टोकाच्या खोलीतला सदा धावत आला. "दिल्या, तात्या बरे आहेत ना?" मागून अख्खी गॅलरी. तेव्हा कळलं, तात्यांच्या टीव्हीवर सगळा मजला सिरियल ऐकायचा! भाजी निवडता निवडता, भांडी घासता घासता.

तात्यांना पत्ता नाही. रंगात येऊन ते आता मिलच्या आवाजात कॉमेंट्री द्यायला लागले. "गो बाय! सासूच्या दुधात कायतरी घातल्यान!"

"कोणी? धाकटीने?" गॅलरी विचारतेय. तात्यांना ऐकू येतंय थोडंच!

एवढ्यात सायली पुस्तक घेऊन दारात. मागे वहिनी. मी मनात म्हटलं, झालं विसर्जन!

"दिलीपकाका," सायली म्हणाली, "प्लीज टीव्ही मोठा करा."

"अगं, पण तुझा अभ्यास?"

"टीव्ही होता तोवर आईबाबांचं कुजबुजणं ऐकू येत नव्हतं."

"काय कुजबुजतात?"

"मी नापास झाले तर काय करायचं!"

वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. दिल्याने रिमोट उचलला आणि आवाज फुल्ल केला.

*

सायली पास झाली, हे खरं. बँकेच्या रांगेचा किस्सा तर खराच, हवं तर माझ्या बायकोला विचारा.

खोटी जागा एकच. दुकानात तात्या 'संप' वगैरे काही बोलले नाहीत. डोळे मिटून बसून राहिले. आणि हेडफोन काही केल्या काढू देईनात.