फुकटची वीस मिनिटं

ऑडिटर हा खरा ऑडिटर नव्हता. एकतीस वर्षं तो ऑडिटरांच्या हाताखाली कारकून होता. पण दुसऱ्याच्या खर्चावर शेरा मारण्याची सवय साहेबांपेक्षा त्यालाच जास्त जडली. निवृत्त झाला तेव्हा टेबल तिथेच राहिलं, सवय घरी आली. चहाच्या दुकानात बसला की तो मनातल्या मनात मालकाचं भाडं, गॅस, दूध वजा करायचा आणि मालकाकडे आजाऱ्याकडे बघावं तसा बघायचा. नात्यात कुणी घर घेतलं की अभिनंदनाच्या आधी याचा फोन जायचा, "व्याज किती टक्के?" मेव्हण्याने त्याचा नंबर 'नको' या नावाने साठवून ठेवला होता.

असा हा माणूस एकाच माणसाला सल्ला द्यायला कचरत होता. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला.

सलून बुडत चाललंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीतून स्पंज बाहेर आलेला. दुकानमालकाने भाडं वाढवलं होतं आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांग म्हणून बजावलं होतं. नाही म्हटलं तर जागा मोबाइलवाल्याला. सलूनवाला स्वतःहून काही बोलत नसे. पण त्याच्या बायकोचं शिलाई मशीन विकलं गेलं, ते सगळ्या गल्लीने टेम्पोत चढताना पाहिलं होतं.

रोग कुठे आहे ते ऑडिटरला पहिल्यापासून माहीत होतं. कटिंगचा दर नऊ वर्षांत हलला नव्हता. आणि कटिंग झाली की सलूनवाला प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाच्या डोक्याला वीस मिनिटं मालिश करायचा. फुकट. त्याच्या वडिलांपासूनची रीत. तेवढ्या वेळात आणखी एक डोकं झालं असतं. ते डोकं दारातून आत बघायचं, घड्याळ बघायचं आणि पुढच्या सलूनमध्ये जायचं.

"मग सांगत का नाही त्याला?" बायकोने विचारलं.

"न मागता सल्ला देऊ नये. माणसाचा स्वाभिमान दुखावतो."

"अगं बाई! माझ्या भावाने मागितला होता?"

"तो घरचा. हा परका. परक्याच्या धंद्यात नाक खुपसणं बरं नव्हे."

"नाक नाही हो, तुम्ही तिथे डोकं खुपसता. दर महिन्याला. अर्धा तास."

ऑडिटरने वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

स्वतःची सोय झाकायला माणसाला तत्त्वाइतकं जाड पांघरूण दुसरं मिळालेलं नाही. त्या पांघरुणाखाली ऑडिटर पुरता उबेत होता. घरात त्याच्या डोक्याला हात लावणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा फोनवर भेटायचा, बायकोची बोटं संधिवाताने आखडलेली. महिन्यातून एकदा, वीस मिनिटं, कुणाची तरी बोटं त्याच्या कवटीवरून फिरत आणि आतले सगळे आकडे हळूहळू विझत. तेवढा वेळ तो कुणाचाच हिशेब तपासत नसे.

महिना संपायला सहा दिवस असताना तो कटिंगला गेला, तर मोबाइलवाला टेप घेऊन दुकान मोजत होता.

"काका, पाय जरा वर घेता का?" तो खुर्चीखालून म्हणाला.

ऑडिटरने पाय वर घेतले. मागे कात्री क्षणभर थांबली, पुन्हा चालू लागली. आरशात सलूनवाल्याचा चेहरा दिसत होता. ऑडिटरने तिकडे बघायचं टाळलं; पण आरशासमोर बसून माणूस बघणार तरी कुठे?

मोबाइलवाला गेला. मालिश सुरू झाली.

"एक सांगू? राग मानू नकोस."

"बोला ना साहेब."

"ही मालिश फुकट करू नकोस. पैसे लाव. आणि कटिंगचा दर वाढव. नाहीतर तू बुडशील."

बोटं थांबली नाहीत. "बरोबर आहे. सगळे हेच सांगतात. शाळेतले मास्तर, औषधवाले, मागच्या गल्लीतले वकीलसाहेब. या खुर्चीत बसून, डोळे मिटून सांगतात. आणि शेवटी म्हणतात, बाकीच्यांची बंद कर रे, आपलं काय, आपण घरचेच."

ऑडिटरच्या ओठांवर नेमकं तेच आलं होतं. त्याने ते गिळलं.

"माझ्यापासून सुरू कर," तो म्हणाला. "आत्तापासून."

बोटं उचलली गेली. डावी बाजू झाली होती, उजवी राहिली होती. सलूनवाला एकदा तरी आग्रह करील म्हणून ऑडिटर थोडा वेळ तसाच बसून राहिला. सलूनवाल्याने टॉवेल झटकला.

पुढच्या महिन्यात भिंतीवर दरपत्रक लागलं होतं. मालकाला होकार गेला होता. मास्तर दुसरीकडे जाऊ लागले होते, जाताना 'माणूस बदलला' असं सांगून. पण बाकावर तीन नवी गिऱ्हाइकं होती, आणि ऑडिटरला पाऊण तास थांबावं लागलं.

"मालिश करायची, साहेब?" कटिंग झाल्यावर सलूनवाल्याने विचारलं. "दहा मिनिटांची असते आता."

ऑडिटरने दरपत्रक वाचलं. पुन्हा वाचलं. "कर," तो म्हणाला.

दहाव्या मिनिटाला हात थांबले.

"छान," ऑडिटर म्हणाला. "धंदा असाच करायचा." पण तो उठला नाही. मागे बाकावर कुणीतरी खाकरलं.

"साहेब, पुढचं गिऱ्हाईक..."

ऑडिटरने डोळे न उघडताच खिशातून पाकीट काढलं.

"आणखी दहा मिनिटांचे लाव."