चौथ्या बाकावरची चष्मेवाली

आमच्या गुरुजींइतका पोरांना जीव लावणारा मास्तर साऱ्या भंडारा जिल्ह्यात झाला नसेल. अडचण एवढीच, की ती पोरं टीव्हीतली होती. आज हे मी हसत हसत लिहिते आहे, पण सातवीत असताना माझ्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची.

आमच्या गावात, सिहोऱ्यात, तेव्हा टीव्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. धानाच्या व्यापारात बाबांचं बरं चाललं होतं म्हणून आमच्याकडे एक आला, आणि त्याच्या मागोमाग दर रविवारी सकाळी गुरुजी येऊ लागले. इस्त्रीचा पायजमा, खिशाला पेन, काखेत वही. त्या वेळी लहान मुलांचं एक कार्टून लागायचं. त्यातला शाळकरी नायक कधी छपरावरून उडायचा, कधी मास्तरांच्या खुर्चीखाली फटाका लावायचा. आम्ही सारी पोरं त्याच्यावर फिदा. गुरुजी मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. त्यांची नजर त्याच्या मागे, बाकांवर गुपचूप बसलेल्या त्याच्या वर्गमित्रांवर. साऱ्या मालिकेत त्या बिचाऱ्यांना एक शब्द बोलायला मिळत नसे. "त्याले पाहायले सारी दुनिया आहे. मागच्या पोराइले कोण पाहीन?" असं म्हणून गुरुजी वही उघडत आणि त्यांची हजेरी घेत. खरीखुरी हजेरी! चपट्या नाकाचा, हजर. दोन वेण्यांची, हजर. चौथ्या बाकावरची चष्मेवाली, हजर. ही चष्मेवाली म्हणजे त्यांची फार लाडकी. ती दिसली की गुरुजींचा चेहरा असा खुलायचा, की मला उठून टीव्ही बंद करावासा वाटे.

एकदा त्यांना एकच पोरगा दोन बाकांवर बसलेला दिसला. कार्टून काढणाऱ्याने कंटाळून तेच चित्र दोनदा चिकटवलं असणार. गुरुजींनी मान डोलावली. "साहेब येऊन राहिले असतीन तपासणीले," ते म्हणाले, "पट कमी भरला असंन." आमच्या शाळेतही साहेब आले, की चौथीतली पोरं आणून सातवीत बसवत, त्यामुळे त्यांना यात काही नवल वाटलं नाही. आणि एका जुलैत त्या वर्गातली सहा-सात पोरं गायब झाली, तर गुरुजींनी आईला अगदी समजावून सांगितलं, "रोवणे लागले न बाई. आता धान लावून झाल्याशिवाय कायची शाळा?" रोवण्याच्या दिवसांत आमचेही अर्धे बाक रिकामे असत. आईने चहाचा कप पुढे करत "हो जी, बरोबर आहे" म्हटलं. ते कार्टूनवालं गाव कोणत्या मुलखातलं होतं देव जाणे, पण आमच्या घरातून त्या पोरांना रोवण्याची सुट्टी मंजूर झाली.

आणि मी? मीही चौथ्याच बाकावर बसायची. गणित सगळ्यांच्या आधी सोडवायची. गुरुजी वहीवर बरोबरची खूण करत आणि मान वर न करता म्हणत, "बस." त्या न बोलणाऱ्या चष्मेवालीत असं काय होतं, जे माझ्यात नव्हतं? चष्मा! म्हणून एक दिवस मी बाबांचा चष्मा लावून वर्गात जाऊन बसले. समोरचा फळा मला पाण्यात बुडालेला दिसत होता, तरी मान ताठ. गुरुजी जवळ आले, म्हणाले, "काढ तो. डोळे खराब होतीन." बस, एवढंच. आतल्या आत जळून माझा कोळसा झाला.

मग मी ठरवलं, आपणही गायब व्हायचं. पाहू तर खरं, आपल्यासाठी कोणी विचारतं का. पोट दुखतं म्हणून बुधवारपासून मी घरी बसले. आईचा ओवा मुकाट्याने चावला आणि दिवसभर ओट्यावर बसून वाट पाहिली. बुधवार गेला, गुरुवार गेला, शनिवारही गेला. शाळेतून निरोप नाही, चौकशी नाही.

रविवारी गुरुजी आले, नेहमीच्या जागी बसले, वही उघडली. नेमका त्या दिवशी टीव्हीत चौथा बाक रिकामा! गुरुजींचा पेन तसाच थांबला. "आज काहून नाही आली बापा ही? काय झालं असंन तिले?" त्यांचा आवाज अगदी कापरा झाला होता, आणि माझ्या डोक्याची शीर तडकली.

"गुरुजी, मी चार दिवसांपासून शाळेत नाही आली जी! माझं काही विचारता का तुम्ही?"

"हात वो! गुरुजींशी अशी बोलते का?" आई धावत आली.

गुरुजींनी टीव्हीकडे चक्क पाठ केली. "विचारू कायले? मले दिसत होतीस न तू. रोज शाळा सुटली की त्या समोरच्या बोळातून सायकल काढतो मी. बुधवारी ओट्यावर बसून जांभळं खाऊन राहिली होतीस. पोट दुखणाऱ्या पोरीनं एवढे जांभळं खाऊ नये." मग अपराध्यासारखे म्हणाले, "तुहं घर मले माहीत आहे, पोरी. तिचं घर कुठं आहे, ते नाही माहीत न."

गुरुजींचं घर शाळेच्या पलीकडे, आमच्या अगदी उलट दिशेला होतं, हे माझ्या लक्षात यायलाच रात्र झाली. सोमवारी मी शाळेत गेले. त्यांनी हजेरी घेतली, मी "हजर" म्हटलं, त्यांनी मान वर केली नाही, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

गुरुजींना जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता नागपूरला एका मोठ्या बिल्डिंगमध्ये एकटी राहते. मागच्या महिन्यात तापाने आठ दिवस अंथरुणात होते. जिन्यावरून लोक जात होते, येत होते, माझ्या दारापाशी कोणाची चाल मंदावली नाही. पडल्या पडल्या मला ती चष्मेवाली आठवली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा राग आला नाही. कुठं राहत असंन बापा ती, असं वाटत राहिलं.