पायबघी

आमची बायको माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी पाय. विहिरीच्या पहिल्या पायरीवर उभी राहून पोहायला येणाऱ्याला म्हणायची, "पाय दाव." सगळी आळी तिला पायबघी म्हणायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही नव्हतं.

सोलापुरातली ती विहीर सार्वजनिक. एरवी गिरणीतली माणसं, पोरंसोरं तिच्यात पोहायची. बहात्तरच्या दुष्काळात नळ आटले आणि तेच पाणी प्यायला आलं. नारू म्हणजे पायातनं निघणारा दोऱ्यासारखा लांब किडा. त्याच्या फोडाची आग होते, म्हणून माणूस पाय पाण्यात सोडतो. तिथंच फोड फुटतो, नारू पिलं सोडतो, आणि ते पाणी पिणाऱ्याला पुढच्या साली नारू होतो. हिच्या बापाचा, आण्णाचा, पाय नारूनंच गेला होता. तेव्हा तिच्या माहेरी, केमला, दवाखान्याची माणसं हे सांगून गेली, ते हिनं पक्कं धरलं.

पैलवान असो की मुकादम, फोड दिसला की माघारी. एक जण म्हणाला, "पाण्यात देव हाय, काय हुत न्हाई." ही म्हणाली, "देवाला नारू झाला तर काढणार कोण? तू?"

त्याच उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ शिरपा केमहून आला. स्टेशनावरनं तडक विहिरीवर. घोट्यावर फोड टरारलेला.

"आक्का, सर बाजूला. पाय बुडवू दे, जीव चाललाय."

"न्हाई."

"भाऊ हाय मी तुजा!"

"म्हणून हातानं आडवलंय. दुसऱ्याला काठी घातली असती."

त्याला लांब माळावर बसवलं आणि घरातली प्यायची घागर आणून पायावर रिकामी केली. बायका बडबडल्या. हिनं लक्ष दिलं नाही. आम्ही त्या दिवशी शेजारून मागून पाणी प्यालो.

मग नारूचं टोक बाहेर आलं. ते काडीला गुंडाळून ही रोज थोडं थोडं ओढायची. शिरपा वैतागला. "ओढ की एकदाचा!"

"तुटला तर आत सडतोय. आण्णाचा मीच घाईनं वडला हुता, तुटला. लहान हुते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मला त्या दिवशी कळलं. पुन्हा शिरपानं घाई केली नाही. नारू सबंध निघाला.

गेल्या साली ती गेली. मला अजून घास गोड लागत नाही, खोटं कशाला बोलू. शिरपा तेव्हाच सत्तरी ओलांडलेला. स्मशान लांब, ऊन लई. आमची पोरं म्हणाली, "मामा, रिक्षात बसा."

"चालतो की," म्हणाला, आणि खांदा देऊन शेवटपर्यंत चालला.