खळ दिलेला स्वेटर

हाताने विणलेला स्वेटर धुण्यात अवघड काही नाही. पाणी कोमट हवं, म्हणजे कोपर बुडवलं तर गारही लागू नये आणि गरमही. त्यात थोडा शाम्पू. स्वेटर दाबायचा, चोळायचा नाही, पिळायचा तर अजिबात नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत आडवा पसरायचा. ओला असताना हाताने जो आकार द्याल, त्याच आकारात लोकर वाळते. हे माहीत होतं म्हणूनच नवऱ्याचा स्वेटर मी तो गेल्यापासून धुतला नव्हता.

राखाडी रंगाचा, मीच विणलेला. वर्षानुवर्षं अंगात राहून त्याला त्या माणसाचा आकार आला होता. मोटारसायकलमुळे कोपरांना फुगे आले होते. एक खांदा उतरता होता, कारण तो चालायचाच एका बाजूला कलून. वास केव्हाच उडाला, त्याचं मला काही नव्हतं. आकार राहिला होता. आम्हाला मूलबाळ नाही. बारामतीतल्या दोन खोल्यांत त्याच्या मापाचं म्हणावं असं तेवढंच शिल्लक होतं.

सासरे इंदापूरच्या अलीकडे वस्तीवर एकटेच राहतात. मी त्यांना आबा म्हणते. घरात पूर्वी मेंढरं होती, आता थोडा ऊस आणि एक म्हैस. एक रविवार सोडून एक मी एसटीने जाते, त्यांची औषधं नेते, स्वयंपाक करते, संध्याकाळच्या गाडीने परत येते. आम्हा दोघांनाही फार बोलावं लागत नाही.

यंदा थंडीत आबांचा खोकला हटेना. म्हणाले, "त्याचा सूटर हाय न्हवं तुझ्या पेटीत? का पेटीला थंडी वाजतीया?"

नाही म्हणायला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. पुढच्या खेपेला नेऊन दिला आणि बजावलं, "धुऊ नका. मळला तर मळू द्या, मी बघीन." बाह्या दुमडून ते तो घालू लागले. ढगळ होता, पण कोपरांचे फुगे जागेवर होते. मी येता-जाता पाहत असे.

थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी गाडीतून उतरले, तर गोठ्याजवळच्या तारेवर स्वेटर दिसला. दोन्ही बाह्या फाकलेल्या. वारा चांगला होता, बाजूचा टॉवेल फडफडत होता आणि स्वेटर जागचा हलत नव्हता. जाऊन हात लावला तर पत्रा.

"आबा, काय केलंत हे?"

"धुतला. रिठ्यानं धुतला, मग चिंचोक्याची खळ दिली."

"स्वेटरला खळ?"

"लोकरच हाय का न्हाय? घोंगड्याला देत्यात तशी दिली. नुसती चाळण झालती त्याची, वारं आत शिरत हुतं."

चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून, शिजवून ती खळ होते. खोकणाऱ्या माणसाने एवढा घाट घातला होता. मला राग आला, पण रागाने खळ निघत नाही. "घाला बरं," मी म्हटलं. त्यांनी हात घातला, तो अर्ध्यातच अडकला. मग त्यांनी स्वेटर अंगणात ठेवला. तो उभाच राहिला.

"माझ्याबिगरच हुबा ऱ्हायला की गं," आबा म्हणाले. मला हसू आलं, इलाज नव्हता.

भिजवण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. घमेल्यात कोमट पाणी घेतलं. खळ हळूहळू सुटली, पाणी बुळबुळीत झालं, ते ओतलं, दुसरं घेतलं, असं बरंच चाललं. मऊ पडता पडता फुगे बसले. खांदे सारखे झाले. सावलीत बाज ओढून जुनं धोतर अंथरलं आणि त्यावर स्वेटर पसरला. विणला होता तेव्हा होता तसाच, कुणाचाही नाही असा.

मी खांदा ओढून बघितला. जास्त झाला. सोडला, पुन्हा ओढला. बाहीत मूठ घालून फुगा आणला, तर तो मुठीचाच दिसत होता. विणताना मी कधी टेप लावली नव्हती. तो दारात पाठ करून उभा राहायचा आणि मी सुयांसकट विणकाम त्याच्या पाठीला लावून बघायची. पाठ समोर असताना माप कोण लिहून ठेवतं?

आबा उकिडवे बसून बघत होते. "त्याच्याच मापाचा कर. मी आतनं दोन सदरं घालीन."

"माप आठवत नाही, आबा."

त्यांनी ओल्या बाहीची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "मला बी न्हाय. माझ्यापरीस उंच हुता, एवढंच."

पाणी निथळत होतं. अर्धवट ओढून ठेवला असता तर तो कुणालाच बसला नसता.

"उठा, इकडं उभे राहा. हात वर करा."

टेप तिथेही नव्हती. वितीने मोजलं. छाती केवढीशी झाली होती. मी स्वेटरच्या कडा आत घेतल्या, बाह्या मागे सरकवून मनगटाला येतील एवढ्याच ठेवल्या, पोटाशी लांबी कमी केली. हात न थांबवता केलं.

"लई आवळू नगं. भाकरी खाल्ल्यावर दम घ्यायला जागा ठिव."

"ठेवली आहे. उद्या उलटा करा, परवा घाला. तारेवर टाकायचा नाही. आणि पुन्हा धुवायची वेळ आली तर..."

"तर तू ये."

"येईन."

निघताना बाजेकडे पाहिलं. तो आता आबांचा स्वेटर होता, आणि त्यात चूक काहीच नव्हती. गाडी वेळेवर आली. शेजारची जागा रिकामी होती, तिच्यावर पिशवी ठेवली. बारामतीच्या अलीकडचं पिंपळी गाव गेल्यावर ती उचलून मांडीवर घेतली आणि उतरायची वाट बघत बसले.