दाबा, धरा, सोडा

माझी मावशी डूख धरते, आणि तिचा हा गुण मला भलताच आवडतो. येणारा जाणारा तिला "जाऊ दे, सोडून दे" म्हणतो. ती मान डोलावते आणि काहीही सोडत नाही.

ती पडदे शिवते. शिवलेले पडदे घरोघर पोचवायला काकांच्या मागे उरलेली जुनी गाडी होती. ती गेली असती तर मावशीला दुसऱ्याच्या दुकानात मशीनवर बसावं लागलं असतं. तसलीच एक गाडी तिच्या धाकट्या दिराकडे होती. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलेलं. काका गेल्यापासून सुट्या भागांसाठी त्याचा डोळा हिच्या गाडीवर.

एकदा तो साळसूदपणे आला आणि "तेल बघून देतो, वहिनी" म्हणत बॉनेटमध्ये वाकला. काही दिवसांत क्लचचं पेडल खाली जाऊन बसलं, वर येईचना.

"क्लच गेला," दीर म्हणाला. "याचे पार्ट आता मिळत नाहीत. रविवारी ओढून नेतो."

तो गेल्यावर मावशीने क्लचच्या तेलाची डबी उघडून बोट बुडवलं. ब्रेक ऑइल असायला हवं तिथे इंजिन ऑइल होतं. इंजिन ऑइलने क्लचच्या आतली रबरं फुगतात, हे तिला काकांमुळे ठाऊक होतं. दिरालाही पक्कं ठाऊक होतं, आपली गाडी तो स्वतःच दुरुस्त करायचा. तेच तेल त्याला पाजावं असं मला वाटलं.

"येऊ दे रविवारी," मावशी एवढंच म्हणाली.

तिने क्लचचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सिलिंडर काढले, शिवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकून खोलले. रबरं भिजल्या वाटाण्यासारखी टम्म फुगलेली. बाजारात गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार हात झटकत. मग तिने नाव सांगणंच सोडलं. कापडाला मॅचिंग धागा शोधावा तसे सिलिंडरमधले पिस्टन हातात घेऊन तिने दुकानं पालथी घातली, आणि एका माल वाहायच्या जुन्या व्हॅनची रबरं बरोबर बसली. दुकानात होती तेवढी सगळी पाकिटं तिने उचलली.

"एवढी कशाला गं?" मी विचारलं.

"असू देत."

घरी येऊन नळ्या बदलल्या, सगळं जोडलं. रविवारी दीर दोर घेऊन आला तेव्हा ती गाडीखाली होती.

"भावजी, फक्त तेलातली हवा काढायची राहिलीय. जरा पेडलवर बसता?"

मी पुढे झाले, तर तिने मला डोळ्यांनीच दटावलं. दीर हसत हसत गाडीत जाऊन बसला.

"दाबा. धरा. सोडा."

काका असताना पेडलवर मावशी असायची आणि हुकूम त्यांचे. आता नळीतून बुडबुडे बाटलीत येत होते. मग ते थांबले. तरी मावशी थांबेना. "दाबा. धरा." पेडल त्याच्या पायाखाली घट्ट झालं होतं. त्याचं हसू कधीच मावळलं होतं. मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

मावशी बाहेर आली आणि फुगलेली रबरं तिने त्याच्या तळहातावर ठेवली.

"इंजिन ऑइल प्यायलीत बिचारी."

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. निर्लज्जपणाला सीमा नसते.

"वहिनी, नवी कुठे मिळाली? माझाही क्लच गळतोय."

उरलेली पाकिटं शिवणाच्या खणात होती. मावशीने शांतपणे हात पुसले.

"याचे पार्ट आता मिळत नाहीत, भावजी. तो दोर तेवढा आठवणीने न्या, तुम्हाला लागेल."