कंसातला इंडिया

आत्या जो साबण वापरायची त्याचा वास मला पहिल्यापासून आवडत नव्हता. गोडसर, देवघरात शिळी फुलं राहून गेल्यासारखा. हिरव्या कागदावर तुळशीवृंदावन आणि त्यापुढे हात जोडून उभी असलेली नऊवारीतली बाई. भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आमच्या ओळीत हा साबण आत्यानंच घरोघरी पोचवला होता. बंगाली वहिनी, केरळची नर्स, पंजाबी फोरमनची बायको, सगळ्या तिला आत्याच म्हणत, आणि आत्या सगळ्यांना एकच सांगे, "देसी है, बेखटके लो."

या हट्टामागे काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नसे. नवी नवरी असताना, नागपुरात परदेशी मालाविरुद्ध मिरवणूक निघाली तेव्हा, तिनं भर रस्त्यात हातातल्या जपानी बांगड्या फोडल्या होत्या. नवरा जिवंत असताना. थोड्याच महिन्यांत तो तापानं गेला. सासरच्यांनी तोंडावर सांगितलं, तूच त्याला घालवलंस. ती माझ्या वडिलांकडे आली, त्यांच्या रेल्वेच्या बदल्यांबरोबर गावोगाव फिरली, आणि त्यांना पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर भिलाईला आली. परदेशी वस्तू तिनं पुन्हा हाताळली नाही. तो नेम मोडला असता तर त्या बांगड्या उगाच फुटल्या असं झालं असतं.

तिला मराठी जेमतेम वाचता यायचं, इंग्रजी मुळीच नाही. पण माझ्या वडिलांकडून तिनं इंग्रजी अक्षरांतला एकच शब्द ओळखायला शिकून घेतला होता, इंडिया. डबा असो, पुडी असो, वडी असो, ती बोट फिरवून तो शब्द शोधायची. सापडला की माल पिशवीत. नाही सापडला की दुकानदाराला ऐकवायची, "याच्या अंगावर आपलं नाव नाई रे बाबा." लाल कागदातल्या, गोऱ्या बाईचं चित्र असलेल्या साबणावर तो नव्हता. त्याला ती मडमेचा साबण म्हणे आणि शिवतही नसे.

वडील तिला चिडवायचे, "भट्टी रशियाची, क्रेन रशियाची, आन् बहीन माही देसी."

"त्याईनं रशियाची म्हनून सांगून आनली," आत्या म्हणे. "डोक्यावर पदर घेऊन नाई आनली."

मी तेव्हा नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून नुकतीच शिकून आले होते. चारचौघांत माझं तोंड उघडत नसे. हिंदी अडखळत, मराठी घरापुरती, आणि इंग्रजी बोलायला आसपास कोणी नाही.

एका दुपारी साबणाच्या कंपनीची गाडी महिला मंडळासमोर येऊन थांबली. बरोबर विक्रेता, कॅमेरावाला आणि टाय बांधलेला एक साहेब. आत्याची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. तिचा फोटो हवा होता, मंडळाच्या अंगणातल्या तुळशीपुढे, हातात वडी धरून, जाहिरातीसाठी. आत्या आधी नको नको म्हणाली, मग तिनं पदर सारखा केला.

"आत्या तो हिरोइन बन गई!" फोरमनची बायको ओरडली.

"चुप बैठ," आत्या म्हणाली, पण हसत होती.

मी दाराजवळ उभी होते. साहेब विक्रेत्याशी इंग्रजीत बोलत होता, आमच्या देखत, बैलांसमोर बोलावं तसं. म्हातारी अगदी हवी तशी मिळाली, म्हणाला, लंडनला हा चेहरा फार आवडेल. मग हसला. लाल काय आणि हिरवा काय, एकाच कढईतून निघतो. ज्यांना मडम हवी त्यांना मडम, ज्यांना तुळस हवी त्यांना तुळस, पैसा एकाच खिशात. हिला स्वदेशी हा शब्द आणखी दोनदा ऐकव, तो म्हणाला, चेहरा कसा उजळतो बघ.

उघडलेल्या वड्यांचा तो वास अंगणभर होता. मी एक कागद उचलून तळाची बारीक अक्षरं वाचली. एका गोऱ्या माणसाचं आडनाव, मग कंसात इंडिया, मग लिमिटेड. व्यापार आम्हाला शाळेत शिकवला नव्हता, पण कंसात काय टाकतात ते शिकवलं होतं. जे काढून टाकलं तरी वाक्य अडत नाही, ते.

"आत्या, फोटो नको काढू."

"कावून वं?"

"हा त्याईचाच हाय. लाल कागदवाल्याईचा. लंडनचा."

"येडी झाली का? हे काय लिवलं हाय मंग?" तिनं शब्दावर बोट ठेवलं.

"ते ब्रॅकेटमध्ये हाय."

"कशामंधी?"

मराठी शब्द आठवेना. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या, माझे कान तापले. "कंसात," मी कशीबशी म्हणाले.

आत्याला व्याकरणातला कंस माहीत नव्हता. तिला एकच कंस माहीत होता. तिनं वडी डोळ्यांजवळ नेली आणि शब्दाच्या दोन्ही बाजूंच्या बाकदार रेघा पाहिल्या. "म्हंजे कोठडीत," ती म्हणाली. मग साहेबाकडे वळली. "साहब, ये साबुन किसका है?"

"आपका है, माताजी. शुद्ध स्वदेशी."

तुम्ही आत्ताच लंडन म्हणालात, मी इंग्रजीत म्हणाले. आवाज माझाच होता यावर माझा विश्वास बसेना. साहेब ओशाळला असता तर मी त्याला विसरून गेले असते. तो खूश झाला. तुझं इंग्रजी सुरेख आहे, म्हणाला, आमच्याकडे काम करशील का?

आत्यानं वडी कट्ट्यावर ठेवली. "कंस भी देवकी को बहन बोलता था, साहब. उसका रथ भी खुद हाँकता था." आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून ती चालू लागली.

घरी आल्यावर तिनं बेसन लावून पुन्हा अंघोळ केली. ओले केस तसेच ठेवून ओसरीत बसली. "कितीक वर्सं घासून राहिली मी हे अंगाले," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, इंग्रजी अक्षरं सगळी शिकवते तुला, म्हणजे कोणी फसवणार नाही.

"एक शबद शिकली तं एवढी फसली," ती म्हणाली. "सगळे शिकली तं किती फसन?"

कंपनीनं मंडळात ठेवून दिलेल्या फुकटच्या वड्या ओळीतल्या बायकांनी वाटून घेतल्या. साबणाले काय जात असते, असं वडीलही म्हणाले. पुढे कितीतरी दिवस सकाळी नळावर गेलं की तोच वास यायचा, प्रत्येकीच्या अंगाला. मी श्वास धरून बादली भरायची.

काही आठवड्यांनी बाजारात पत्र्याची पाटी लागली. तुळशीपुढे एक बाई उभी, आत्याच्याच वयाची, तसाच पदर, हातात वडी. कुठल्या गावची कोण जाणे. हसरा, खरा चेहरा होता. आत्या पाटीसमोर बराच वेळ थांबली.

"इले कोनी सांगितलं नसन," ती म्हणाली.